वाचक विचारतात: सुगंधी तेलाचे किती थेंब पुरेत?

मागच्या अंकात डिफ्युझरबद्दल, म्हणजे पाण्यात तेलाचे थेंब टाकून त्याचे तुषार खोलीत सोडणाऱ्या मशीनबद्दल, चार ओळी काय लिहिल्या, इनबॉक्स इसेन्शियल ऑइलच्या, म्हणजे झाडांपासून काढलेल्या तीव्र सुगंधी तेलांच्या, प्रश्नांनी भरून गेला. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून हे पूर्ण सदर त्यालाच देतेय. काही प्रश्न छोटे करून घेतलेत आणि सारखेच प्रश्न एकत्र केलेत.

प्र. ताई, झोप लागावी म्हणून लॅव्हेंडरचं तेल आणलं. सुरुवातीला छान वाटायचं, आता वासच येत नाही म्हणून थेंब वाढवत गेले, डिफ्युझर रात्रभर चालू असतो. सकाळी डोकं जड होतं. तेल खराब निघालं का?

तेलाला दोष देऊ नका, नाकाचा स्वभावच तसा आहे. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो, पण खोलीत तेल असतंच आणि तुम्ही ते श्वासातून घेतच असता. म्हणजे तुम्हाला वास येत नाही म्हणून तुम्ही वाढवता आणि डोकं त्याच वाढवलेल्यामुळे दुखतं. उलट करून बघा: १०० मिली पाण्याला तीन ते चार थेंब, झोपायच्या आधी अर्धा तास, मग मशीन बंद, आणि खिडकी थोडी उघडी. बंद खोलीत रात्रभर नको, दमा असेल घरात कोणाला तर अजिबातच नको.

आणि बाटलीवर लॅटिन नाव बघा. लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया असेल तर ठीक. स्पाइक लॅव्हेंडर नावाचं दुसरं एक असतं, त्यात कापराचा अंश बराच जास्त असतो, त्याचा वास डोकं शांत करण्यापेक्षा उठवणारा आहे. नुसतं ‘लॅव्हेंडर’ लिहिलेल्या बाटलीत काय आहे ते कळायला मार्ग नाही.

लॅव्हेंडर आणि झोपेवर अभ्यास झालेत, बरेचसे लहान आहेत, आणि फायदा दिसतो तो साधारण बेताचा. मला स्वतःला वाटतं की अर्धं काम सवयीचं आहे, म्हणजे रोज तोच वास, तीच वेळ, दिवे मंद, फोन लांब, की शरीराला कळतं आता आवरायचंय. त्यासाठी वाळलेल्या फुलांची छोटी सुती पुरचुंडी उशीजवळ ठेवली तरी पुरते, मशीनही लागत नाही. पण महिनाभर झोपेचं खोबरं होत असेल तर थेंब मोजत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्र. आमच्या ओळखीतल्या एकांनी सांगितलं की त्यांचं तेल ‘थेरप्युटिक ग्रेड’ आहे त्यामुळे रोज पाण्यात दोन थेंब टाकून पिता येतं. पिऊ का?

नाही. अजिबात नाही.

थेरप्युटिक ग्रेड असा कुठला सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय दर्जा अस्तित्वातच नाही, ती विक्रीसाठी कंपन्यांनी केलेली शब्दरचना आहे. आणि तेल कितीही शुद्ध असलं तरी शुद्ध म्हणजे सुरक्षित नव्हे, उलट शुद्ध म्हणजे जास्त तीव्र. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं, म्हणजे पहिल्याच घोटाला तो कच्चा थेंब तोंडाच्या आणि घशाच्या नाजूक आवरणाला जाऊन लागतो.

एक उदाहरण देते म्हणजे तीव्रता लक्षात येईल. विंटरग्रीन नावाचं तेल स्नायूदुखीसाठी वापरतात, ते जवळजवळ सगळंच मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्याच कुळातलं द्रव्य, असतं. त्याचं ५ मिली, म्हणजे लहान चमचाभर, पोटात गेलं तर ते अ‍ॅस्पिरिनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या वीसेक गोळ्या एकदम घेतल्यासारखं होतं. लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं ते. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर हे तेल अंगाला चोळूही नये.

आता कोणी म्हणेल पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल पोटाच्या त्रासाला देतात ना. देतात, पण त्यावर असं आवरण असतं की ती जठरात न फुटता आतड्यात फुटते, मात्रा मोजलेली असते, ते औषध आहे. बाटलीतून ओतणं आणि ते एक नव्हे.

प्र. १ टक्का, २ टक्के असं सगळीकडे लिहिलेलं असतं पण म्हणजे नक्की किती ते कोणीच नीट सांगत नाही. कृपया सोप्या भाषेत सांगा.

हा प्रश्न विचारलात त्याचा मला खरंच आनंद झाला, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच सुरू होतात.

साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. साधारण म्हणतेय कारण ड्रॉपरचं तोंड लहानमोठं असतं आणि चंदनासारखं घट्ट तेल मोठा थेंब सोडतं, पण घरगुती हिशोबाला चालतं. मग ३० मिली बेस तेल घेतलं, म्हणजे बदाम, जोजोबा, तीळ, खोबरेल जे तुमच्या त्वचेला मानवतं ते, तर त्यात ६ थेंब म्हणजे १ टक्का, १२ थेंब म्हणजे २ टक्के, १८ थेंब म्हणजे ३ टक्के. १० मिलीच्या रोल-ऑनमध्ये २ थेंब म्हणजे १ टक्का. एवढंच गणित आहे.

चेहऱ्याला अर्धा ते १ टक्का, त्याच्या वर जाऊ नका. मोठ्या माणसाला अंगाला मालिशसाठी २ टक्के. एखाद्या छोट्या जागी, आखडलेल्या खांद्याला वगैरे, थोडे दिवस ३ टक्के चालतं. वयस्कर माणसं, नाजूक त्वचा, यांना १ टक्क्याच्या आतच ठेवा. दोन-तीन तेलं एकत्र करत असाल तर थेंब सगळ्यांचे मिळून मोजायचे, प्रत्येकाचे वेगळे १२ नाही. आणि हे आकडे सौम्य तेलांचे आहेत. लवंगेच्या तेलाला अर्ध्या टक्क्याच्या वर नेऊ नये, आणि दालचिनीच्या सालीचं तेल तर मी त्वचेसाठी वापरूच नका म्हणेन, इतक्या लोकांना त्याची अ‍ॅलर्जी येते.

नवीन मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा. लाल झालं, खाज आली, तर साबणाने धुवून टाका आणि त्याचा नाद सोडा.

अंघोळीबद्दलही बऱ्याच जणींनी विचारलंय. नुसते थेंब बादलीत किंवा टबात टाकले की ते वर तरंगतात आणि नेमके नाजूक ठिकाणी चिकटून चरचरतात. आधी चमचाभर बिनवासाच्या लिक्विड सोपमध्ये किंवा बेस तेलात मिसळा मग पाण्यात घाला, बेस तेल वापरलं तर फरशी निसरडी होते तेवढं बघा.

प्र. बाळ दीड वर्षाचं आहे, सर्दीने नाक बंद झालंय. छातीला निलगिरी चोळू का, की उशीवर थेंब टाकू? आमच्या घरी दोन मतं आहेत.

दोन्ही करू नका. दोन वर्षांच्या आतल्या मुलांच्या चेहऱ्याजवळ, नाकाजवळ, छातीवर निलगिरी, पेपरमिंट, मेंथॉल, कापूर यातलं काहीच नको. इतक्या लहान मुलांमध्ये हे तीव्र वास घशाची अचानक आकडी आणू शकतात, श्वास क्षणभर थांबू शकतो. कापूर आणि निलगिरी पोटात गेले तर झटके येऊ शकतात, आणि त्याला फार तेल लागत नाही, अगदी चमचाभराच्या आत तेल गेलेली मुलंसुद्धा गंभीर झाल्याची उदाहरणं आहेत.

गरम पाण्याचं भांडं घेऊन वाफ देणंही या वयात नको, भाजण्याचा धोका फार. नाकात सलाइनचे थेंब, अंगावरचं दूध पीत असेल तर ते वारंवार, बस. श्वास भरभर चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध घेत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

मोठ्यांनाही सांगते, मेंथॉलने नाक ‘मोकळं’ होतं ते फक्त वाटतं. नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना ते चेतवतं म्हणून हवा गार आणि भरपूर येतेय असा भास होतो, मोजमाप केलं तर आत जाणारी हवा तेवढीच असते. तसं वाटण्यानेही आराम मिळतो हे खरं, मोठ्या माणसाने घ्यावा तो आराम.

घरात मूल असेल तर सगळ्या बाटल्या कुलपात. चुकून प्यायलंच तर उलटी करायला लावू नका, उलटीतून तेल फुफ्फुसात जातं ते आणखी वाईट, बाटली बरोबर घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा.

प्र. पिंपल्सवर टी ट्री तेल थेट लावायचे, सहा महिने छान चाललं आणि आता लावलं की आग आग होते, चेहरा सोलवटतो. अचानक असं का?

अचानक वाटतं पण ते हळूहळूच झालंय. टी ट्रीचं तेल हवा आणि उजेड लागून जुनं होतं तसं त्यातले घटक बदलतात, आणि ते बदललेले घटकच जास्त करून अ‍ॅलर्जी आणतात. त्यात तुम्ही ते पातळ न करता लावलंत, तेही रोज, म्हणजे त्वचेला त्याची ओळख पटली आणि आता ती दर वेळी लढायला उठते. दुर्दैवाने अशी अ‍ॅलर्जी एकदा आली की बहुतेकदा कायमची राहते, त्यामुळे हे तेल आता बंद, ते घातलेला फेसवॉश, शॅम्पूसुद्धा बंद. लेबल वाचत जा. चेहरा शांत झाला नाही तर त्वचारोगतज्ज्ञ.

बाकीच्यांसाठी: टी ट्री निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाहीये. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ जणांवर तुलना झाली होती, ५ टक्क्यांचं टी ट्री जेल एकीकडे आणि ५ टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड, म्हणजे पिंपल्सवरचं नेहमीचं औषध, दुसरीकडे. दोन्हीने पिंपल्स कमी झाले, टी ट्रीला वेळ जास्त लागला पण त्रास कमी झाला. लक्षात घ्या, ५ टक्के, १०० टक्के नाही. तयार जेल घ्या, घरी अंदाजाने करू नका, आणि उघडलेली बाटली वर्षभरात संपवा नाहीतर निदान त्वचेला तरी लावू नका.

प्र. लिंबाचं तेल खोबरेलात घालून हातापायाला लावलं आणि ट्रेकला गेलो. दोन दिवसांनी फोड आले आणि आता काळे पट्टे राहिलेत. तेल तर नैसर्गिक होतं.

नैसर्गिकच होतं, म्हणूनच झालं. लिंबाच्या, बर्गमोटच्या (हेही लिंबाच्याच जातीचं फळ) सालीत फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, ती त्वचेवर असताना ऊन पडलं की भाजल्यासारखं होतं आणि मागे डाग राहतात. साल दाबून काढलेल्या तेलात हे असतं, वाफेवर काढलेल्या लिंबाच्या तेलात जवळजवळ नसतं. गोड संत्र्याच्या तेलाचाही हा त्रास नाही. बर्गमोट सगळ्यात कडक, ते ०.४ टक्क्यांच्या वर गेलं की ऊन टाळायलाच हवं, म्हणजे ३० मिलीत जेमतेम दोन थेंब. लावलंच तर निदान १२ तास ती जागा उन्हात नेऊ नका. तुमचे डाग जातील पण महिने लागतील, रोज सनस्क्रीन लावा आणि पट्ट्यांवर लिंबू चोळा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

प्र. डोकेदुखीवर पेपरमिंट खरंच चालतं का?

ताणाच्या डोकेदुखीवर, हो. १९९६ मध्ये जर्मनीत झालेल्या अभ्यासात अल्कोहोलमधलं १० टक्के पेपरमिंट कपाळाला आणि कानशिलांना लावलं तर १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या तोडीचा आराम दिसला होता. घरी एवढं कडक करू नका, १० मिली रोल-ऑनमध्ये २ थेंब पुरेत, डोळ्यांपासून लांब, हात धुवून टाका. डोकेदुखी नवीन, एकदम भयंकर, किंवा तापाबरोबर असेल तर हे नाही, डॉक्टर.

प्र. आमच्या घरी मांजर आहे.

एवढंच लिहिलंय पण कळलं मला. मांजराचं यकृत या तेलांमधले बरेच घटक आपल्यासारखे मोडून बाहेर टाकू शकत नाही. टी ट्री सगळ्यात वाईट, पिसवांसाठी म्हणून ते तेल मांजराच्या अंगाला लावणारे लोक आहेत, कृपा करून लावू नका. डिफ्युझरचे बारीक तुषार तिच्या केसांवर बसतात आणि ती ते चाटते. मांजर असलेल्या घरात मी डिफ्युझर लावायला सांगणार नाही. पक्षी पाळलेले असतील तर तेच. लाळ गळणं, चालताना झोकांड्या जाणं दिसलं तर लगेच पशुवैद्य.

प्र. भाजल्यावर लॅव्हेंडर लावतात ना? एका फ्रेंच शास्त्रज्ञाने भाजलेला हात लॅव्हेंडरमध्ये बुडवला आणि बरा झाला, तिथूनच अरोमाथेरपी, म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार, सुरू झाली अशी गोष्ट वाचली.

शास्त्रज्ञ खरा, रेने-मोरिस गॅटफॉसे, रसायनतज्ज्ञ. १९१० मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला आणि तो भाजला हेही खरं. पण समोर लॅव्हेंडरचं भांडं होतं आणि त्यात हात घातला हा भाग नंतर रंगवलेला. १९३७ च्या त्याच्या स्वतःच्या पुस्तकात तो सांगतो की जखमांमध्ये गॅस गँगरीन, म्हणजे मांस सडवणारा जंतुसंसर्ग, झालं होतं आणि लॅव्हेंडरने धुतल्यावर ते थांबलं. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. आज भाजलं तर २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, कुठलंही तेल लावू नका, तेल उष्णता आत धरून ठेवतं.

प्र. व्हायरल तापानंतर माझा वासच गेला, चार महिने झाले. कशाचाच वास येत नाही, जेवणात मन नाही. सुगंधी तेलांनी वास परत येतो असं ऐकलं. खोटी आशा नको, खरं ते सांगा.

खोटी आशा देत नाही. पण आशा आहे.

याला वासाचा सराव म्हणतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात चार वास होते: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सराव केलेल्यांमध्ये न केलेल्यांपेक्षा जास्त जणांचा वास सुधारला. नंतर बऱ्याच ठिकाणी असे अभ्यास झाले, आणि आता कान-नाक-घसा डॉक्टर स्वतःहून हे सांगतात. सगळ्यांचा पूर्ण परत येतो असं नाही, पण वास ओळखणाऱ्या पेशी शरीर नव्याने बनवत असतं, म्हणून वाट बघण्यात अर्थ आहे.

करायचं असं. चार छोट्या काचेच्या बरण्या घ्या, प्रत्येकीत जाड कागदाचा किंवा कापसाचा तुकडा, त्यावर एकेका तेलाचे थोडे थेंब, झाकण घट्ट, वर नाव. सकाळी आणि रात्री एकेक बरणी नाकाजवळ धरून दहा ते वीस सेकंद हलके हलके हुंगायचं, जोरात ओढायचं नाही. दोन बरण्यांच्या मध्ये थोडं थांबा. आणि हुंगताना मन तिथे हवं, गुलाब हुंगताय तर गुलाब आठवा, कसा यायचा, कुठे यायचा, ही आठवण काढणं सरावाचाच भाग आहे, टीव्ही बघत उरकू नका. वास फिके पडले की कागद बदला. तीन महिने झाल्यावर चार नवीन वास घेतले तर अजून उपयोग होतो असं दिसलंय.

निलगिरी हुंगल्यावर नाकात गार झोंबलं म्हणून वास आला असं धरू नका हं, तो गारवा दुसऱ्या नसेतून कळतो. खूण म्हणून गुलाबाकडे बघा, तो झोंबत नाही, आला तर वासच आला. मधल्या काळात काही वास विचित्र, जळके, सडके वाटायला लागले तर घाबरू नका, सुधारत असताना अनेकांना ते होतं, फार किळस आली तर तेवढी बरणी बदला. आणि तोवर घरात धूर आणि गॅसचे अलार्म लावून घ्या, तुम्हाला गळती कळणार नाहीये. एकदा ईएनटीला दाखवा, नाकात वाढलेलं मांस वगैरे दुसरं कारण नाही ना हे बघायला हवं. पुढे काय झालं ते मला नक्की कळवा, मी वाट बघेन.

प्र. तेलं नकोत, नुसती झाडं लावून काही करता येतं का? कुंडीत रोजमेरी, पुदिना, लॅव्हेंडर आहे.

येतं, आणि माझं मत विचाराल तर रोजच्यासाठी हेच जास्त चांगलं. पानांमध्ये तेल अगदी कणभर असतं, म्हणूनच ते सौम्य. गुलाबाचं १ किलो तेल काढायला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, यावरून एका थेंबात किती झाड कोंबलंय ते बघा. कामाच्या मध्ये उठून रोजमेरीचं एक डहाळं बोटांत चुरगळा आणि दोन मिनिटं दीर्घ श्वास घ्या. थकलेल्या पायांसाठी मूठभर पुदिना आणि लॅव्हेंडर गरम पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा, पाणी कोमट झालं की पाय सोडून बसा.

पानं तेलात मुरवायची असतील तर आधी सावलीत कुरकुरीत वाळवा, ओलसर पानं तेलात घातली की बुरशी आणि जंतू धरतात. कोरड्या बरणीत वाळलेली पानं बुडतील इतकं बेस तेल, अंधारात तीन-चार आठवडे, मग गाळून घ्या. याला थेंब मोजायचं गणित लागत नाही, थेट मालिशला वापरा, कोपरावर तपासून मात्र बघाच.

प्र. गर्भवतीने वापरावं का?

पहिले तीन महिने काहीच नको असं मी सांगते. नंतरही डॉक्टरांना विचारून, फार सौम्य, आणि सेज, पेनिरॉयल, विंटरग्रीन ही नावं पूर्ण नऊ महिने लांब. फिट येत असतील तर सेज, हिसॉप आणि कापूर टाळा, गर्भवती असा नसा.

प्र. जुन्या बाटल्यांचं काय करू? आठदहा साठल्यात.

आधी लिंबू, संत्रं, टी ट्री वेगळे काढा, ते वर्षभराने जुने होतात, त्वचेला वापरू नका. चंदन, वाळा, पॅचुली वर्षानुवर्षं टिकतात, ते ठेवा, गडद काचेत, थंड जागी, झाकण घट्ट. टाकायची तेलं सिंकमध्ये ओतू नका, पाण्यातल्या जिवांना ती त्रासदायक असतात. घट्ट बंद बाटलीतच ठेवून, तुमच्याकडे रंग-थिनरसारखा घातक कचरा वेगळा घेतात तिथे द्या. आणि तेलं पुसलेले, मालिशचे तेलकट झालेले कपडे चुरगळून ढिगात किंवा गरम ड्रायरमध्ये ठेवू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. साबणाच्या गरम पाण्यात धुवून पसरून वाळवा.